गाळ म्हणजे गळ

बोरहट्टीचं तळं आटत आटत मधल्या खड्ड्यापुरतं उरलं, तेव्हा गदा आली ती संगप्पा अंबिगेराच्या जाळ्यावर. उरल्या पाण्यावर गावाची गुरं जगत होती. जाळं फेकलं की तळाचा चिखल वर यायचा, आणि मग तहानलेली म्हैससुद्धा पाणी हुंगून मान फिरवायची. हिंदुराव पाटलांनी गडी धाडून सांगितलं, जाळं बंद. संगप्पाने ओलं जाळं घाईघाईने बांधावर ओढलं, त्या घाईत बाभळीचा काटा टाचेत मोडला, आणि टाच अशी सुजली की चार पावलं चालायचं तर भिंत धरावी लागे.

बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा डोक्यावर होता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची. त्याची भाकरी थापताना मोडे आणि खाताना घशात अडके. माशाचं कालवण असलं की ती निदान खाली उतरायची. जाळं बंद झालं तसं कालवण गेलं, आणि माशाच्या बदल्यात घरात येणारी मीठमिरचीही गेली. घरात तोंडं दोनच, संगप्पाचं आणि त्याची बायको सिद्धम्मा हिचं. पण उपाशी राहायला दोन तोंडंही पुरतात.

त्यांचं घर तळ्याच्या अलीकडे एकटंच आणि गाव बांधाच्या पलीकडे. अक्कलकोटच्या अंगाची गावं म्हणजे एका आळीत मराठी, दुसरीत कानडी. ह्या घराला आळीच नसल्यामुळे घरात नुसती कानडी चाले. संगप्पाला बाजारामुळे मराठी चांगली यायची. सिद्धम्मा लग्न होऊन कानडी मुलखातल्या इंडीकडून आली होती. ती मासे विकण्यापुरती मराठी शिकली आणि तिथेच थांबली. ‘ताजा हाय’, ‘घ्या की’, ‘परवडत न्हाय’, एवढ्यावर तिचं इतकी वर्षं निभावलं होतं.

नवऱ्याच्या टाचेची सूज उतरेना, तेव्हा तीच उठून चावडीवर गेली. चावडीपुढे सगळा गाव जमलेला. दुष्काळी कामाचं काहीतरी चाललं होतं, पण बायका लिंबाखाली लांब बसलेल्या, वारा उलटा, आणि बोलणं भराभर. तिला त्यातलं काही उमगलं नाही. माणसं उठायला लागल्यावर ती धीर करून पुढे झाली.

“पाटील,” ती म्हणाली, “जाळं? आमचं जाळं कवा?”

हिंदुराव माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून त्यांचं डोकं लोकांनी खाल्लं होतं. “जाळं न्हाय!” ते ओरडले. “किती येळा सांगायचं? पानी ढवळतंय, जनावरं तोंड लावीनात. आता फकस्त गाळ. गाळाशिवाय तळ्यात दुसरं कायबी न्हाय. ऐकलंस का?”

“ऐकलं,” सिद्धम्मा म्हणाली, आणि तिचा चेहरा एवढा उजळला की पाटीलच बुचकळ्यात पडले.

इथेच घोळ झाला. पाटील बोलत होते ते दुष्काळी कामातून तळ्याचा गाळ उपसण्याबद्दल. मराठीत गळ तो गळ आणि गाळ तो गाळ, एक माशाच्या घशात जातो, दुसरा तळ्याच्या बुडाला बसतो. पण कानडीत माशाच्या गळालाच गाळ म्हणतात. तळ्यातला गाळ म्हणजे त्यांचा हूळु, आणि मासे विकणाऱ्या बाईला मराठीतला गाळ कधी लागतो? तिला ऐकू आलं ते असं, की जाळ्याने पाणी ढवळतं म्हणून जाळं नको, गळाने ढवळत नाही म्हणून गळ चालेल. पाटलांचं बोलणं तिला फार शहाणपणाचं वाटलं.

घरी येऊन तिने ते जसंच्या तसं सांगितलं. संगप्पा टाचेवर शेक घेत बसला होता. “गळ म्हनाले असतील,” तो म्हणाला. “मराठीत गळ म्हंत्यात.”

“न्हाय. गाळच म्हनाले. दोनदा म्हनाले. मी काय भैरी हाय?”

संगप्पा बराच वेळ टाचेकडे बघत राहिला. मग एकाएकी हसला. “मग पाटलाला बी कानडी यायला लागलं म्हनायचं,” तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. तीही हसली.

आता गळ टाकायचा तर आमिष हवं. जमीन हातभर खाली कोरडी ठणठणीत, गांडूळ औषधाला सापडत नव्हतं. पिठाचा गोळा लावावा तर मिलोचं पीठ माणसालाच पुरेना, माशाला कुठून घालणार? पण संगप्पाने एकदा पाटबंधारे खात्याच्या एका साहेबाला होडीतून फिरवलं होतं. त्या साहेबाच्या गळाला आमिषच नव्हतं. गळाच्या डोक्याला शिशाचा गोळा, त्यामागे पिसांचा झुबका, बस. दोरीला झटके देत ओढलं की पीस पाण्यात जिवंत व्हायचं आणि मरळ येऊन झडप घालायची. साहेबाचे गळ विलायती होते. आपण स्वस्तातले करायचे, एवढाच फरक, असं संगप्पा म्हणाला.

“आन शिसं?” सिद्धम्माने विचारलं. “आन दोरी?”

त्याने वर बघितलं. आढ्याला जाळं टांगलेलं होतं. सुताचं जाळं, बाभळीच्या सालीत रंगवून रंगवून काळपट झालेलं, काठाला शिशाचे मणी. दोन पावसाळे बसून त्याने ते विणलं होतं, आणि ती शेजारी बसून सूत पिळून देत होती.

“जाळं मोडायचं?” ती म्हणाली.

“जाळं न्हाय म्हनालेत न्हवं?” तो म्हणाला. “ठिवून काय त्येची पूजा करायची?”

मणी काढताना त्याने दात लावले, कारण गाठी वर्षानुवर्षं भिजून दगड झाल्या होत्या. मग जाळ्याचं एकेक घर सोडवत त्याने ते उसवलं, आणि तिने ते सूत परत तिपेडी पिळून लांब दोऱ्या केल्या. फाटकं जाळं सांधता येतं. उसवून दोरी झालेल्या जाळ्याचं पुन्हा जाळं होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. “गावात कुनाला सांगू नगंस,” एवढंच तो म्हणाला, “न्हाईतर निम्मं गाव गळ घिऊन काठाला बसंल.” ती त्याला कबूल झाली, आणि ह्या कबुलीनेच पुढे त्यांचा घात केला.

सूज थोडी उतरली तशी दोघं एसटीने सोलापूरला गेली. शुक्रवार पेठेत शंकरप्पांचं खिळेमोळ्यांचं दुकान होतं. शंकरप्पा कपाळाला विभूती लावणारे, मासा म्हटलं तरी तोंड फिरवणारे. पण गळ विकायला त्यांची ना नव्हती. नुसता हात लावायचे नाहीत. त्यांनी गड्याला सांगून पत्र्याचा एक डबा बाहेर पायरीवर ठेवायला लावला.

“आतनं कागदातले बघू का, मालक?” संगप्पा म्हणाला. “ते लखलखीत.”

“ते तुला झेपनार आहेत का?” शंकरप्पा कानडीत म्हणाले. “सुट्टे बघ. आनि तिथंच बस, दारात नको. गिऱ्हाईक येतंय.”

दोघं उन्हात पायरीखाली बसली. डब्यात गंजलेले, एकमेकांत गुंतलेले गळ. संगप्पा एकेक सोडवून त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवी. नखावर घसरला तो बोथट, जागीच अडकला तो चांगला. मग गळ पायरीच्या कडेला लावून हलकेच दाबायचा. वाकून तसाच राहिला तर लोखंड मऊ, मोठा मासा तो सरळ करून निघून जाणार. कट्‌कन मोडला तर फार कडक. वाकून परत आला तर ठेवायचा. सिद्धम्माही निवडू लागली, आणि थोड्याच वेळात तिच्या नखावर पांढऱ्या ओरखड्यांची जाळी उमटली. एक गळ मोडल्याचा आवाज झाला, तसे शंकरप्पा गल्ल्यावरून ओरडले.

“मोडतोस काय? मोडलेल्याचे पन पैसे लागतील!”

“मोडला त्यो मोडकाच हुता, मालक,” संगप्पा खालच्या आवाजात म्हणाला, आणि मोडलेला गळही त्याने घेतलेल्या ढिगात टाकला. रस्त्याने जाणारी माणसं वळून बघत होती. सिद्धम्माने पदर पुढे ओढला. निवडलेल्यांतही सगळे काही धड नव्हते. पण गाठीला होतं त्यात तेच बसत होतं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. संगप्पाने विटेचे दोन तुकडे एकमेकांवर घासून सपाट केले आणि दोन्हींत मिळून चिंचोक्याएवढी पोकळी कोरली. त्यात गळाची मान ठेवायची, तुकडे तारेने आवळायचे आणि वरच्या भोकातून शिसं ओतायचं. सिद्धम्मा तुरीच्या वाळल्या काटक्यांवर लोखंडी पळीत मणी वितळवी. शिसं आधी मळकट दिसे, मग एकदम चांदीसारखं चमके. पहिल्याच वेळी वीट ओली राहिली होती. शिसं फडफडून उडालं आणि तिच्या मनगटाला चिकटलं. ती मनगट चुलीपुढच्या राखेत दाबून बसली. संगप्पाने पुढच्या प्रत्येक वेळी वीट आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली.

थंड झालेले गळ तो बाहेर काढे. शिशाच्या निघालेल्या कडा चाकूने तासायच्या, मग गळाचं टोक कानशीने हलक्या हाताने घासायचं आणि शेवटी पाट्याच्या कडेवर तेलाच्या बोटाने फिरवायचं. फार घासलं तर टोक बारीक होऊन वाकतं, कमी घासलं तर बोथट. दोन बोथट गळ त्याने घासून घासून असे केले की नखाला लागताच रुतले. “शंकरप्पाला दाखवायला पायजे,” तो म्हणाला. बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग एका डबीच्या बुडाशी राहिला होता, तो शिशाच्या डोक्यांना दिला. त्यावर सिद्धम्माने चुन्याचा ठिपका दिला, आणि चुन्यावर काजळाचा. डोळे झाले. ओळीने वाळत ठेवलेली ती तांबडी डोकी तिच्याकडे टकामका बघू लागली आणि तिला उगाचच आनंद झाला.

पिसं तेवढी राहिली. ती मागायला ती गावात बजाबाईकडे गेली. बजाबाई माळ्याची, कोंबड्या पाळणारी. हिच्याकडून मासे घेणारी आणि कधी तोंड वाकडं न करणारी ती एकटीच.

“पिसं कशाला गं?” बजाबाईने विचारलं.

“पायजेत की,” सिद्धम्मा म्हणाली. “काम हाय.”

“ने, त्या खुराड्याम्हागं पडल्यात. आन बुधवारी येनार न्हवं गाळाला?”

सिद्धम्मा खुराड्याकडे वळता वळता थांबली. “तुमी बी येनार गाळाला?”

“म्हंजे? सारं गाव येनार. पोरंसोरं बी येनार. मी तर नवी पाटी घेतली.”

“पाटी?”

“मग काय पदरात घालून वाहायचं?” बजाबाई हसली. “तुमी तर तळ्यावरचीच मानसं. तुमचाच पैला मान.”

सिद्धम्मा पिसं पदरात घेऊन जवळजवळ पळतच सुटली. सारं गाव गळ घेऊन येणार, पाट्या भरभरून मासे नेणार! तिने एक शब्द जास्त विचारला असता तर पुढचं टळलं असतं. पण गुपित फुटेल ह्या भीतीने तिने तो विचारला नाही.

“बुधवारी?” संगप्पा म्हणाला. “मग आपून त्यांच्या आदी जायचं.” त्या दिवशी दोघांनी हात थांबवले नाहीत. तो पीस धरी, ती गिरणीच्या सुताने शिशामागे आवळून बांधी आणि गाठीवर मेण फिरवी. बोटांना टोकं लागून लागून रक्ताचे थेंब यायचे. ते ती ओठांनी पुसून टाकी.

बुधवारी तांबडं फुटायच्या आत ती दोघं खड्ड्याच्या काठाला होती. चिखलाला भेगा पडलेल्या, पाण्याला शेवाळाचा कुबट वास. संगप्पाने न दुखणारा पाय रोवला, दोरी डोक्याभोवती फिरवली आणि सोडली. शिसं टप्‌कन पाण्यात पडलं. तो झटके देत ओढू लागला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्या वेळी दोरी ताणली, पाण्यात काळं काहीतरी उसळलं, आणि हातभर लांबीची मरळ चिखलावर येऊन आपटू लागली. गळ जबड्यात पक्का बसला होता. वाकला नव्हता, शिसं हललं नव्हतं, पीसही जागेवर होतं.

“बसला!” संगप्पा एवढंच म्हणाला. सिद्धम्मा रडत होती आणि हसत होती.

नव्या अवजाराचा पहिला मासा पाण्याला परत द्यायचा, ही त्यांच्यातली रीत. तिने मरळीला कुंकवाचं बोट लावलं. त्याने गळ सोडवला आणि मासा हळूच पाण्यात ठेवला. भूक पोटात असताना तो मासा सोडणं सोपं नव्हतं. पण आता उद्याची काळजी कशाला, असं दोघांनाही वाटत होतं.

तेवढ्यात बांधावरून माणसांचा गलका आला. बैलगाड्या, फावडी, घमेली, पाट्या. कुणाच्याच हातात गळ नव्हता. चार गड्यांनी खांद्यावरून पाणी उपसायचं इंजिन आणलं, ते चालवणाऱ्या ज्ञानबाने त्याला हँडल मारलं, आणि रबरी पाइपातून तळ्याचं पाणी शेजारच्या वैरणीच्या तुकड्यात पडायला लागलं. सिद्धम्मा बघतच राहिली.

हिंदुराव पाटील धोतर खोचून पुढे आले. “आलास व्हय संगप्पा? बरं झालं. जाळं आन.”

“जाळं?”

“मग? गुरांची सोय छावनीत झालीया, आज ढवळलं तर ढवळू दे. पानी गुडघ्याला आलं की पैलं जाळं तुजं. त्यात घावंल त्ये समदं तुज्या घरचं. मग गाव उतरंल आन मग गाळाला फावडं लागंल. माज्या आज्यापासनं ह्येच चालत आलंय.”

चालत आलं होतं खरं. संगप्पाच्या बापाने एकदा असं जाळं टाकलं होतं, आणि त्या एका जाळ्याचे वाळवलेले मासे पुढचा पाऊस येईस्तोवर घराला पुरले होते.

“जाळं न्हाय, पाटील,” संगप्पा म्हणाला. “उसवलं.”

“उसवलं? कुनी सांगितलं तुला?”

“तुमीच म्हनाला. जाळं न्हाय, आता फकस्त गाळ.” त्याने हातातला गळ पुढे केला. तांबडं डोकं, पांढरा डोळा, मागे कोंबड्याचं पीस.

क्षणभर कुणालाच उमजलं नाही. मग इंजिनापाशी ज्ञानबाला हसू फुटलं. “आयला, पाटील! कानडीत गळाला गाळ म्हंत्यात!” हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचलं. “आता गळानंच गाळ काढ म्हनावं!” कुणीतरी ओरडलं.

पाटील हसले नाहीत. “चावडीवर तर तुजी बायको आलती,” ते म्हणाले. “तिनं सांगितलं व्हय असं?”

सगळ्यांचे डोळे सिद्धम्मावर आले. तिला वाटलं, चिखलाच्या भेगेत गडप व्हावं.

“तिनं बरूबर सांगितलं,” संगप्पा म्हणाला. “मीच उलटं ऐकलं. माजाच घोळ.”

व्हय, मीच ऐकलं, असं ओरडून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि फुटला नाही ह्याची लाज तिला सगळ्यात जास्त वाटली.

पाणी गुडघ्याला आलं. मासे पाठी उघड्या टाकून एकमेकांवरून उसळू लागले. लोक काठाला पाट्या घेऊन ताटकळले होते, पण कोळ्याच्या आधी कुणी उतरेना. पाटील वैतागले. “रीत तर झाली पायजे,” ते म्हणाले. “असंल त्ये टाक बाबा.”

संगप्पाने गळ फिरवला आणि टाकला. झटके देऊन ओढायला पाणीच नव्हतं. दोरी जड झाली, त्याने ती हातावर गुंडाळत आणली, आणि गळाला आला तो काळ्या गाळाचा मुठीएवढा गोळा. पुन्हा हसू उठलं, पण ते मधेच विरलं, कारण संगप्पा तो गोळा बोटांनी पुसून पीस नीट करत होता. मग पाटलांनी हात केला आणि सारं गाव तळ्यात उतरलं.

संध्याकाळी बजाबाई आली. तिच्या पदरात दोन मासे होते. “घे गं,” ती म्हणाली. “मला काय ठावं, तू कंच्या गाळाचं बोलतीस.” सिद्धम्माने हात पुढे केला नाही. बजाबाईने मासे उंबऱ्याच्या आत ठेवले आणि ती गेली.

सिद्धम्माने ते राखेत घोळून साफ केले. संगप्पा भिंतीला टेकून बसला होता, टाच पुन्हा सुजली होती.

“मारा तरी मला,” ती म्हणाली. “चारचौघात माजं पाप कशाला अंगावर घेतलं?”

“तुजं एकटीचं कुटं हाय?” तो म्हणाला. “मला मराठी येतं. पाटील गळाला गाळ म्हननार न्हाईत, ह्ये मला त्याच दिशी कळत हुतं. मनात आलं बी हुतं, जाऊन इचारावं. पन इचारलं आन न्हाय म्हनाले तर? तू आनलं हुतंस त्ये मला पायजे हुतं.”

तिने पळीने कालवण ढवळलं. मग तिने त्याला डब्यातलं उरलंसुरलं मीठ घातलं आणि मिलोची भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. त्या घरात दुसऱ्याने धरलेला मासा आजवर कधी शिजला नव्हता. दोघांनी तो खाली मान घालून काट्यापर्यंत खाल्ला.